तंगडी मोडली तर किती सामने?

नडगी_सांभाळा (धागाकर्ता)
एर्लिंग हालांडनं दोन गोल मारले की आमच्या ग्रुपवर कोणीतरी ती जुनी क्लिप टाकणारच, त्याच्या बापाची आणि रॉय कीनची. परवा परत आली आणि त्यावरून जे पेटलंय ते अजून चालूच आहे, म्हणून इथे धागा काढतोय, तिकडे लोक नुसते इमोजी टाकतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २१ एप्रिल २००१, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर डर्बी, मॅच संपत आलेली. बाप म्हणजे आल्फ-इंगे हालांड मँचेस्टर सिटीकडून, कीन युनायटेडकडून. कीन आला तो बॉलसाठी आलाच नाही, बूट सरळ गुडघ्यावर. रेफ्री डेव्हिड एलरे कार्ड दाखवेपर्यंतसुद्धा हा बाबा थांबला नाही, खाली पडलेल्या माणसाला वाकून काहीतरी सुनावलं आणि चालू पडला. शिक्षा काय तर तीन सामने बंदी आणि पाच हजार पौंड. २००२ ला त्याचं आत्मचरित्र आलं, त्यात यानं स्वतःच लिहून ठेवलं की मी बरीच वाट बघितली होती वगैरे वगैरे, मग एफएला (इंग्लंडची फुटबॉल संघटना) जाग आली आणि वरून आणखी पाच सामने आणि दीड लाख पौंड.

आता मला सांगा, टॅकल तोच, गुडघा तोच. मारल्याचे तीन आणि छापल्याचे पाच? हे लोक नक्की शिक्षा कशाची करतात, टॅकलची, मनातल्या खुन्नसची, की समोरच्याचं काय झालं त्याची?

पेठेतला_दहा_नंबर
सोप्पं हाय की. ज्याचा पाय मोडला तो जितके महिने खाटेवर, तितके महिने मोडणारा पण घरात. विषय एंड.

राधिका_नाशिक
+१ पेठेतला. तीन सामने म्हणजे पंधरा दिवसांची सुट्टी झाली, पगार चालूच.

साहेबांच्या_देशात
मी लीड्सला राहतो त्यामुळे या प्रकरणावर इथल्या टॅक्सीवाल्यांपासून सगळ्यांची मतं ऐकून झालीत. सुरुवात २००१ ला नाही, सप्टेंबर १९९७ ला एलंड रोडवर. तेव्हा हालांड लीड्सकडे होता. कीनच त्याला पाडायला गेला आणि स्वतःच्याच गुडघ्याचा क्रूशिएट लिगामेंट फाडून घेतला. हा खाली तळमळतोय आणि हालांड वर उभा राहून ओरडतोय, ऊठ, नाटकं करू नकोस. वर येलो कार्ड पण कीनलाच. अख्खा सीझन गेला त्याचा. ते साठवून ठेवलं त्यानं.

आता पेठेतला तुमचा नियम लावून बघू. कीननं मारलं ते उजव्या गुडघ्यावर. हालांड त्या दिवशी मॅच पूर्ण खेळला, आणि थोड्याच दिवसांत नॉर्वेकडूनही उतरला. ज्यानं करिअर संपलं तो डावा गुडघा, त्याचं दुखणं आधीपासूनचं. पण त्या मॅचनंतर परत पूर्ण ९० मिनिटं तो कधी खेळला नाही हेही खरंच, २००३ ला सोडलंच. तर मग कीनला किती महिने घरात बसवणार? उजव्याचे शून्य, की डाव्याचे आयुष्यभर?

पेठेतला_दहा_नंबर
तुम्ही वकील आहात का हो साहेब?

साहेबांच्या_देशात
नाही, आयटी. वकील येतीलच धाग्यावर, येतातच.

शिट्टीवाला
जिल्हा लेव्हलला बरीच वर्षं रेफ्रीगिरी करतोय म्हणून जरा लांबड लावतो, समजून घ्या.

लोकांचा मोठा गैरसमज म्हणजे आम्ही "मुद्दाम केलं का" हे बघतो. टॅकलच्या बाबतीत ते नियमात विचारलेलंच नाही. बारावा नियम तीन पायऱ्या सांगतो. निष्काळजी टॅकल, म्हणजे नीट लक्ष न देता घातलेला पाय, त्याला फक्त फाउल. दुसरी पायरी, समोरच्याला धोका आहे याची पर्वाच न करता घुसणं, त्याला येलो. तिसरी, गरजेपेक्षा जास्त ताकद किंवा समोरच्याच्या शरीराला धोका, त्याला थेट रेड. पुढून, बाजूनं, मागून, एका पायानं, दोन पायांनी, सगळं त्यात आलं. आणि ते "पण बॉलला आधी लागला ना सर" हे आम्हाला दर रविवारी ऐकवतात ते सोडा. बॉल घेऊन पुढे घोटा पण घेतला तरी रेडच.

प्रत्यक्षात आम्हाला अर्ध्या सेकंदात काय दिसतं? मी पहिलं बघतो ते बुटाचा तळवा. तळवा समोरच्याच्या दिशेनं उघडा आहे का? मग उंची, घोट्याच्या खाली की वर. मग येणाऱ्याचा दुसरा पाय जमिनीवर आहे की हवेत, कारण दोन्ही हवेत म्हणजे आता त्याच्या हातात काही राहिलं नाही, ब्रेक फेल. आणि गुडघा वाकलाय की ताठ. ताठ पाय, उघडा तळवा, नडगीच्या उंचीवर, आणि धावत आलेला, हे चारही जुळलं की मी हाड मोडायची वाट बघत नाही, कार्ड बाहेर. समोरचा उडी मारून वाचला तरी.

म्हणून पेठेतला यांचा नियम मला अजिबात मान्य नाही. त्यात उडी मारून वाचणाऱ्यामुळे मारणारा पण सुटतो.

राधिका_नाशिक
पण सर, सोन ह्युंग-मिनच्या वेळी काय झालं होतं मग? ३ नोव्हेंबर २०१९, एव्हर्टन–टॉटनहॅम. सोननं आंद्रे गोमेझला मागून ओढता टॅकल टाकला, गोमेझ अडखळून सोनच्याच टीमच्या ऑरिएवर गेला आणि घोटा असा फिरला की प्लेअर्सनी तोंडं फिरवली. मार्टिन अॅटकिन्सननं आधी येलो काढलं आणि मग घोट्याकडे बघून रेड केलं. म्हणजे जखम बघूनच दिलं ना? सोन तर रडत बाहेर गेला.

शिट्टीवाला
बरोब्बर, आणि म्हणूनच ते अपीलमध्ये उडालं. एफएनं रेड रद्द केलं. सोनचा टॅकल वैतागून केलेला येलोचाच होता, घोटा गेला तो नंतरच्या धडकेत.

हाडवैद्य
फिजिओ आहे, खेळाडूंचेच पाय बघते. शिट्टीवाल्यांचं म्हणणं आमच्या बाजूनं सांगते.

हाड मोडणं हे टॅकल किती घाण होता यावर जेवढं असतं तेवढंच ज्याला लागलं त्याचा पाय त्या क्षणी कुठे होता यावर असतं. पाय हवेत असेल तर धक्का बसून पाय सरकतो, सूज येते, बर्फ लावा, आठवड्यात परत मैदानावर. तोच पाय जमिनीवर टेकलेला असेल, स्टड गवतात रुतलेले, सगळं वजन त्याच्यावर, तर पाय सरकायला जागाच नाही, मग जातं ते हाड किंवा लिगामेंट. एडुआर्डोचं बघा, २३ फेब्रुवारी २००८, बर्मिंगहॅम–आर्सेनल, तिसरं मिनिट. मार्टिन टेलर उशिरा पोचला, एडुआर्डोचा पाय टेकलेला. टेलर असला दांडगट प्लेअर म्हणून कोणी ओळखत नव्हतं. जवळजवळ वर्ष गेलं एडुआर्डोचं, टेलरला तीन सामने. आर्सेनलचे मॅनेजर वेंगर रागानं बोलून गेले की याला परत कधी खेळूच देऊ नये आणि त्याच रात्री शब्द मागे घेतले.

आणि याच्या उलट नायजेल डी याँग. २०१० ची वर्ल्डकप फायनल, शाबी आलोन्सोच्या छातीत स्टड. छातीत! आलोन्सो उठला आणि ८७ व्या मिनिटापर्यंत खेळला. हॉवर्ड वेबनं येलो दिलं, नंतर म्हणाले की समोर प्लेअर आडवा आला, नीट दिसलंच नाही, दिसलं असतं तर रेड होतं. "तो बाहेर तितके दिवस हा बाहेर" लावलं तर डी याँगला शून्य दिवस आणि टेलरला वर्ष. पटतंय का कुणाला?

पेठेतला_दहा_नंबर
डी याँगला शून्य दिवस नको मला. तो माणूस नको म्हणजे नकोच. त्याच वर्षी मार्चमध्ये होल्डनचा पाय मोडला, मधे ही छातीतली लाथ, ऑक्टोबरमध्ये बेन आर्फाचा मोडला. एका वर्षात तीन! नंतर त्याच्याच देशाच्या कोचनं टीममधनं काढला त्याला.

हाडवैद्य
तोच मुद्दा आहे ना माझा. बघायचं तर रेकॉर्ड बघा, एक्स-रे कशाला बघता?

जुना_चाहता
तुम्ही मंडळी नव्यानव्यावर भांडताय, सेव्हिया १९८२ कोणीच काढलं नाही अजून?

८ जुलै, सेमीफायनल, पश्चिम जर्मनी–फ्रान्स. पॅट्रिक बातिस्तॉन सबस्टिट्यूट म्हणून येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील नसतील. प्लातिनीनं पास काढला, बातिस्तॉन एकटा सुटला, बॉल मारला, बॉल बाहेर गेला. आणि गोली शुमाखर बॉलकडे नाही, उडी मारून कंबर वळवून सरळ त्याच्या तोंडावर. माणूस बेशुद्ध. दात गेले, मणक्याला इजा. स्ट्रेचरवर नेताना प्लातिनी हात धरून बरोबर चालत होता, नंतर म्हणाला मला वाटलं हा मेला. आणि शुमाखर? गोलपोस्टपाशी बॉल घेऊन उभा, गोल किक कधी घेऊ म्हणून. कारण रेफ्री चार्ल्स कॉर्व्हरनं दिली होती गोल किक!! रेड नाही, येलो नाही, साधा फाउलसुद्धा नाही. फ्रान्स एक्स्ट्रा टाइममध्ये ३–१ पुढे होतं, ३–३ झालं, पेनल्टीवर गेलं, आणि पेनल्टी अडवल्या कोणी तर शुमाखरनंच, दोन. जर्मनी फायनलला. दात गेले हे कळल्यावर म्हणाला, तेवढंच असेल तर कॅपचे पैसे मी देतो. पुढे माफी मागितली म्हणा, पण तेव्हाची क्लिप बघून अजून अंगाचा तिळपापड होतो.

आणि कार्डं तरी कुठून आली? १९६६ पर्यंत कार्डंच नव्हती, सबस्टिट्यूट पण नव्हते. पोर्तुगालच्या मोराइसनं पेलेला एकाच धावेत दोनदा तुडवला आणि पेले लंगडत उरलेली मॅच काढत बसला, मोराइस आरामात मैदानातच. लाल-पिवळ्याची कल्पना केन अॅस्टनची, हे तेच गृहस्थ जे १९६२ ला चिली–इटलीच्या त्या मारामारीत रेफ्री होते, त्यामुळे अनुभव दांडगा. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपला कार्डं आली. तरी ऐंशीच्या दशकात मागून पाय कापणं चालूच, नेदरलँड्सचा स्ट्रायकर व्हान बास्टेनच्या घोट्याचा भुगा होईस्तोवर. शेवटची मॅच १९९३ ला खेळला, दोन वर्षं ऑपरेशनं करत बसला आणि तिशीत रिटायर. मागून धोकादायक टॅकल म्हणजे थेट रेड हे कडकपणे सांगितलं ते १९९८ च्या वर्ल्डकपला. आमचा हिरो गेल्यावर.

साहेबांच्या_देशात
जुनेकाका _/\_
गोल किक आठवली की मलाही अजून खरं वाटत नाही.

मडगावकार
आमच्या धेंपोच्या ज्युनियरचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. क्रिस्तियानो ज्युनियर, ब्राझीलचा, आधी ईस्ट बंगाल आणि मग धेंपो. ५ डिसेंबर २००४, बंगळूरला फेडरेशन कप फायनल, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचाच. दुसरा मारतानाच गोली सुब्रत पालशी धडक झाली, गोल झाला आणि हा पडला तो उठलाच नाही. आम्ही २–० नं कप जिंकला रे, पण कोण नाचणार? क्लबनं दहा नंबरची जर्सी कायमची काढून ठेवली.

रेफ्रीनं त्या क्षणी काही दिलं नाही. नंतर फेडरेशननं पालला निलंबित केलं. मी त्याला खुनी म्हणणाऱ्यातला नाही, पोरगा होता तो, पुढे इंडियाचा एक नंबर गोली झाला. पण माझा राग वेगळ्या जागी आहे. अशा वेळी गोलीवर किती सामने हे भांडण आपण महिनोन् महिने करतो आणि मैदानाच्या कडेला डॉक्टर, अॅम्ब्युलन्स, शॉक द्यायचं मशीन होतं का हे पहिल्या दिवशी पण विचारत नाही.

हाडवैद्य
मडगावकार, हजार वेळा सहमत. लहान स्पर्धांना अजूनही बर्फाची पिशवी आणि स्प्रे एवढंच असतं.

नडगी_सांभाळा
ज्युनियरचं मलाही लिहायचं होतं पण कसं लिहावं कळेना. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त छळतो. "रेफ्रीनं बघितलंय" हा मंत्र. मार्च २०१३, विगन–न्यूकॅसल. मॅकमॅनमननं हायदाराच्या गुडघ्यावर स्टड रोवले, स्लो मोशनमध्ये बघवत नाही, हायदारा स्ट्रेचरवर. मार्क हॉल्सीला आडोसा आला म्हणून दिसलं नाही, कार्डच नाही. म्हटलं नंतर तरी कारवाई होईल. तर एफए म्हणते बाकीच्या ऑफिशियल्सपैकी एकानं ती धडक बघितली होती, सगळं नीट नाही दिसलं तरी बघितली होती, म्हणून आम्ही काही करू शकत नाही!

मग व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री) आलं, वाटलं संपलं हे. ऑक्टोबर २०२०, गुडिसन पार्क. पिकफर्ड कात्रीसारखे पाय टाकून व्हान डाइकवर. व्हीएआरनं काय तपासलं तर ऑफसाइड. ऑफसाइड होता म्हणून पेनल्टी नाही हे ठीक, पण रेडचं काय? ऑफसाइड असलं म्हणून गुडघा तोडायची परवानगी मिळते का? व्हान डाइकचा अख्खा सीझन गेला, पिकफर्डला एक सामना पण नाही. त्याच मॅचमध्ये रिचार्लिसनला थियागोवरच्या टॅकलला रेड. आता या दोघांत हिशेब कसा लावायचा?

शिट्टीवाला
ऑफसाइड असला तरी रेड देता येतं, शंभर टक्के. त्या मॅचचे रेफ्री मायकल ऑलिव्हर स्वतः नंतर बोललेत की तिकडे आमचं लक्ष पेनल्टीत अडकलं.

पण एफए मनात आणलं तर करू शकते, हे थॅचरच्या वेळी दिसलंय. ऑगस्ट २००६, बेन थॅचरनं पेद्रो मेंडेसला धावता धावता कोपर असा हाणला की तो जाहिरातीच्या बोर्डाशी बेशुद्ध पडला, झटके आले. रेफ्रीनं बघून येलो दिलेलं, म्हणजे मंत्राप्रमाणे फाइल बंद. तरी एफएनं अपवाद म्हणून उघडली, आठ सामने, वर पंधरा टांगते ठेवले. क्लबनं स्वतः वेगळी शिक्षा केली. इतका ओरडा झाला की नियम वाकला.

अॅडव्होकेट_अर्धवेळ
बोलावल्याप्रमाणे हजर आहे.

कोर्टात पण गेलंय हे. डंकन फर्ग्युसन, रेंजर्स, १९९४, रेथ रोव्हर्सच्या मॅकस्टेला डोक्यानं मारलं. रेफ्रीनं कार्ड दिलं नाही, पण हल्ल्याची केस झाली, तीन महिन्यांची सजा, पैकी ४४ दिवस बार्लिनी जेलमध्ये काढले. पण ते बॉलशी संबंध नसलेलं होतं. टॅकलचं फौजदारीत नेणं अवघड. इंग्लंडच्या अपील कोर्टानं २००४ ला एका हौशी फुटबॉलरची शिक्षा रद्द करताना सांगितलं की खेळाला स्वतःची शिस्तीची यंत्रणा आहे, अगदीच गंभीर असेल तरच फौजदारी.

खरी मजा दिवाणीत आहे. ब्रॅडफर्डचा गॉर्डन वॉटसन, १९९७ ला हडर्सफील्डच्या प्लेअरनं पाय मोडला, तो कोर्टात गेला, निष्काळजीपणा सिद्ध केला, नऊ लाख पौंडांहून जास्त मिळाले. आणि बेन कॉलेट, मँचेस्टर युनायटेडचा अठरा वर्षांचा मुलगा, २००३ ला रिझर्व्हच्या मॅचमध्ये मिडल्सब्रोच्या प्लेअरचा टॅकल, करिअर खलास. अॅलेक्स फर्ग्युसन स्वतः साक्षीला आले की हा पोरगा वर गेला असता. २००८ ला सुमारे ४३ लाख पौंड भरपाई, आणि ती भरली क्लबच्या बाजूनं, मारणाऱ्याच्या खिशातून नाही. तिथे मात्र पेठेतला यांचा नियम चालतो बरं का, दिवाणी कोर्ट नुकसान किती झालं हेच मोजतं.

आपल्याकडे जुन्या दंड संहितेत कलम ८७ होतं, त्यात उदाहरणच खेळातल्या तलवारबाजीचं दिलंय. संमतीनं खेळताय, नियमात खेळताय आणि लागलं तर गुन्हा नाही. आता नव्या न्याय संहितेतही ते आहे. पण संमती नियमातल्या खेळाला, खुन्नसला नाही.

पेठेतला_दहा_नंबर
४३ लाख पौंड?? आमच्या चुलतभावाचा पाय मोडला तेव्हा समोरच्या टीमनं शहाळी आणलेली दोन. आणि तो मारणारा पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या स्पर्धेत खेळत होता, कारण बंदी त्या एका स्पर्धेपुरतीच. विचारलं तर म्हणे आमच्याकडे काही लेखी आलेलं नाही.

म्हणून सुआरेझचं मला आवडतं. २०१४ ला किएलिनीला चावला तर फिफानं नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलचं नावच काढायचं नाही, क्लब असो का देश. एकदम पेठ बंद. पण मग चावल्यावर चार महिने आणि पाय मोडल्यावर तीन सामने हे गणित कुठलं?

राधिका_नाशिक
तिसऱ्यांदा चावला होता तो. बक्कल, मग इव्हानोव्हिच, मग किएलिनी. सात सामने, दहा सामने, आणि मग चार महिने. म्हणजे हाडवैद्य म्हणतात तसं रेकॉर्ड बघून वाढवतात की. टॅकलमध्येच का नाही वाढवत?

नडगी_सांभाळा
बरोबर, मी पण तिथेच येतोय. इंग्लंडमध्ये धोकादायक टॅकलच्या रेडला सरसकट तीन. कीन पण तीन, टेलर पण तीन, हार्वी एलियटला जखमी करणारा लीड्सचा पास्कल स्ट्राइक पण तीन, ज्याच्याबद्दल एलियटनं स्वतः सांगितलं की त्याची चूक नव्हती, तरी अपील फेटाळलं. माझं म्हणणं असं की तीन हा पाया ठेवा. त्यावर आठवड्याच्या आत पॅनेल बसवा, रेफ्रीनं बघितलं असो नसो. ते तळवा, उंची, वेग आणि मागचं रेकॉर्ड बघतील, हॉस्पिटलचा रिपोर्ट नाही. आणि बंदीतला पगार जखमी प्लेअरच्या क्लबला.

साहेबांच्या_देशात
पगाराचं प्लेअर्स युनियन हाणून पाडेल पहिल्याच मीटिंगला. पण पॅनेलची कल्पना नवी नाही, एफएनं २०१७ ला केलंय तसं, माजी रेफ्री, माजी मॅनेजर, माजी प्लेअर असे तिघं. कशासाठी माहितीय? डाइव्ह मारून रेफ्रीला फसवणाऱ्यांसाठी!

पेठेतला_दहा_नंबर
आयला! पडायचं नाटक केलं तर पॅनेल, आणि खरंच पाडलं तर "रेफ्रीनं बघितलंय".

शिट्टीवाला
पॅनेल करा, पण त्यात माजी डिफेंडर घेऊ नका एवढीच विनंती. "आमच्या काळी याला साधा फाउल पण देत नव्हते" म्हणून सगळे सोडून देतील.

पेठेतला_दहा_नंबर
मग काय स्ट्रायकर घेता? नुसतं वारं लागलं तरी जन्मठेप देतील ते.